आमचे पायी चालणारे साहेब लोक

पन्नाशी उलटली की दोन गोष्टी न मागता साठत जातात : पोटावरची चरबी आणि सांगण्यासारखे किस्से. पहिली गोष्ट कमी करायच्या नादात आमच्याकडे दुसरी इतकी वाढली की विचारू नका. परवा जेवणाच्या सुट्टीत बसलो होतो, एकानं एक सुरू केला, दुसऱ्यानं त्यावर दुसरा, आणि डबे तसेच थंड झाले. म्हटलं, हे कुठेतरी सांगून टाकलं पाहिजे. नाहीतर रिटायर झाल्यावर एकेक जण आपल्या सोयीनं बदलून सांगेल!

मी साबळे. जालन्यात बियाण्याची एक कंपनी आहे, तिथे प्रॉडक्शन मॅनेजर. आमचा प्लांट म्हणजे शेतकऱ्यांकडून आलेलं बी वाळवायचं, चाळायचं, तपासायचं आणि पिशव्यांत भरून पाठवायचं. काम मातीतलं, पण आम्ही साहेब लोक मातीत कमी आणि खुर्चीत जास्त. गाडीतून उतरून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खुर्चीत, खुर्चीतून परत गाडीत. दिवसाचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे केबिन ते कॉन्फरन्स रूम.

* * *

मुंबईच्या हेड ऑफिसला एकदा आमच्या तब्येतीची काळजी वाटली. सगळ्या सीनियर मॅनेजरांना मनगटावर बांधायची घड्याळं आली. पावलं मोजणारी. महिनाभर स्पर्धा, रोजचा आकडा आपोआप मुंबईला जाणार, आणि सगळ्यात जास्त चालणाऱ्याला बक्षीस.

पहिल्या आठवड्यात माझा नंबर खालून पहिला. वर आमच्या लॅबच्या नलिनी मॅडम, त्यांच्या वर नागपूरचा कोणीतरी. मला राग आला. चालायचा नाही, हरायचा!

दुसऱ्या सोमवारी ग्रेडिंग मशीनजवळ उभा होतो. तिच्या चाळण्या दिवसभर थडथड थडथड हलत असतात, तेव्हाच तर बी वेगळं होतं आणि कचरा वेगळा. डोक्यात किडा वळवळला. घड्याळ काढलं, चाळणीच्या दांड्याला घट्ट बांधलं आणि केबिनमध्ये जाऊन चहा मागवला.

संध्याकाळी बघतो तर चौऱ्याऐंशी हजार पावलं! एका शिफ्टमध्ये मी जालन्याहून पार संभाजीनगरला पोचलो होतो.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसमधून एका पोरीचा फोन. आवाज फार काळजीचा.

“सर, तुमची पावलं फारच छान आहेत. पण एक विचारायचं होतं. तुमचा हार्ट रेट शून्य येतोय. तुम्ही बरे आहात ना?”

मी म्हणालो, “बराय की.”

ती म्हणाली, “नाही सर, म्हणजे चालताना तरी असायला हवा होता!”

* * *

त्या वेळी सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा. आठ-नऊ महिन्यांनी तोच आकडा खरोखर शून्यावर यायच्या बेतात होता, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

मार्च महिना. बी पाठवायचा हंगाम तोंडावर, दिवसभर मीटिंगा. दुपारी छातीत जळजळायला लागलं. म्हटलं, ॲसिडिटी. गोळी खाल्ली. डावा हात जड झाला. म्हटलं, रात्री वाकडा झोपलो असेन. तीनच्या सुमारास वाटलं, घरी जाऊन तासभर पडावं. खाली आलो, गाडी काढली.

गेटवर दगडूनाना. आमचा सगळ्यात जुना वॉचमन, वय साठीच्या पुढे, अंगानं काटक. इतर वेळी माझी गाडी दिसली की नानाचा हात बॅरियरवर जायचाच. त्या दिवशी तो हललाच नाही. हॉर्न वाजवला. नाना शांतपणे चालत आला आणि काचेवर टकटक केली.

“साहेब, गाडीत एसी चालू हाय का?”

“चालू आहे नाना. बॅरियर उचला.”

“मंग एवढा घाम कशाचा?”

“ॲसिडिटी आहे हो. उचला ना!”

नानानं खिडकीतून हात घातला आणि किल्लीच काढून घेतली! चोवीस वर्षांच्या नोकरीत असं माझ्याशी कोणी वागलं नव्हतं. मी ओरडलो, “नाना, मेमो काढीन मी तुमचा! मेमो!”

नाना म्हणाला, “काढा. दवाखान्यातून आल्यावर काढा.”

आणि त्यानं गोदामाकडे तोंड करून अशी आरोळी दिली की गोदाम प्रमुख शेखभाई अनवाणी पळत आले. शेखभाईंनी मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी दामटली. पुढचं मला अर्धवट आठवतं. शेखभाई एका श्वासात दुवा मागत होते आणि त्याच श्वासात समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होते. “या अल्ला, रहम कर... अरे बाजू हट ना बे!... या अल्ला...”

जालन्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच ॲम्ब्युलन्सनं संभाजीनगरला पाठवलं. एक नळी पूर्ण बंद होती. मनगटातून तार घालून उघडली, स्प्रिंग बसवली. डॉक्टर माझ्या बायकोला म्हणाले, “घरी जाऊन झोपले असते, तर उठले नसते.”

दीड महिन्यानं कामावर रुजू झालो. गेटवर गाडी थांबवून खाली उतरलो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. नानासमोर जाऊन उभा राहिलो.

नानानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हात पुढे केला.

“द्या.”

“काय?”

“मेमो.”

* * *

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवा. पण कुठे चालणार? घराजवळच्या रस्त्यावर लोक थांबवून विचारायचे, “आता कसंय?” सांगता सांगता दहा मिनिटं उभ्यानंच जायची.

नाना म्हणाला, “सकाळच्याला सातला इथंच या. कंपाउंडला चक्कर मारू. मी बी येतो संगं.”

नाना धनगराच्या घरचा. तिशीपर्यंत मेंढरं घेऊन हिंडलेला. भोकरदनकडून निघायचं, चारा बघत बघत उन्हाळ्यात शहागडला गोदावरीच्या काठाला जायचं आणि परत फिरायचं. पुढे मेंढरं गेली, थोडी शेती आली, मग ही नोकरी. पण पाय तेच. अजूनही गावाहून प्लांटला चालतच येतो.

पहिल्या दिवशी मी त्याच्या मागे. तो आपला सहज चाललेला आणि मी धापा टाकतोय. पन्नास पावलांवर तो थांबला.

“असं न्हाई साहेब. तुम्ही पुढं व्हा.”

“पुढे? मला तर चालवत नाही नाना.”

“म्हणूनच. लंगडं मेंढरू मागं ठेवलं की ऱ्हाऊन जातं. त्याला पुढं घ्यायचं. मंग सारा कळप त्याच्या चालीनं चालतो.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच मला कोणी ‘जपून रहा’ असं सांगितलं नव्हतं. पुढे हो म्हणून सांगितलं होतं.

पंधरा दिवसांत लॅबच्या खिडकीतून नलिनी मॅडमनी आम्हाला पाहिलं. त्या बूट बदलून खाली आल्या. मग शेखभाई. आणि महिन्याभरानं, एका सकाळी, चक्क जीएम पाटणकर साहेब! साहेब पुण्याचे, वजन भरभक्कम, बीपी त्याहून भरभक्कम. आले ते सरळ रांगेच्या पुढे जाऊन चालायला लागले. साहेब आहेत, पुढे चालणारच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी मुकाट्यानं दुसऱ्या नंबरला सरकलो. आमच्यात आता सगळ्यात हळू तेच होते, त्यामुळे नानाच्या हिशेबानंही जागा बरोबर होती.

सहा महिने साहेब पुढे, आम्ही मागे. साहेब एकदा मला म्हणालेसुद्धा, “साबळे, मला फार बरं वाटतं हो. तुम्ही सगळे मला किती मान देता!”

आम्ही खाली बघत चालत राहिलो.

मग एक दिवस शेखभाईंचा गुडघा मुरगळला. तरी ते लंगडत लंगडत आले. नानानं नेहमीच्या सवयीनं हाक मारली, “शेखभाई, आज तुम्ही पुढं.”

साहेब थबकले. चेहरा उतरला. “का? मी असताना शेखभाई पुढे का?”

नाना भोळेपणानं म्हणाला, “साहेब, आज तुमच्यापेक्षा लंगडं हाय ना!”

साहेबांना समजायला दहा सेकंद लागले. नंतर ते असे हसले की कंपाउंडच्या भिंतीला हात टेकून बसावं लागलं. तेव्हापासून कोणाला ताप आला, कोणाची पाठ धरली की तो आपणहून सांगतो, “आज मी पुढं.”

* * *

शेखभाईंचं चालणं म्हणजे वेगळंच प्रकरण. सुरुवातीला ते यायलाच तयार नव्हते. त्यांची शुगर वाढलेली, दोन वेळचं इन्सुलिन चालू. पण चालायचं म्हटलं की ठरलेलं उत्तर, “हमारेकु चलने का क्या बोलते साब? गोदाम में दिनभर पाच कोस होताच है.”

गोदाम खरंच मोठं आहे. या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. आम्हाला पटायचं.

एक दिवस मी न सांगता गोदामात गेलो, आणि पिशव्यांच्या थप्प्यांमधून शेखभाई येताना दिसले. बसून! बॅटरीवर चालणारी जुनी स्कूटर होती, माल मोजायला घेतलेली. तिच्यावर बसून, मांडीवर वही ठेवून, एका थप्पीपासून दुसऱ्या थप्पीपर्यंत.

“शेखभाई, हेच का पाच कोस?”

“साब, मैं बोल्या पाच कोस होते. पैदल होते, ऐसा कब बोल्या?”

दुसऱ्या दिवशी स्कूटरची किल्ली हरवली.

शेखभाईंनी गोदाम उलटंपालटं केलं. हमालांना विचारलं, ड्रॉवर झाडले. नवी किल्ली करायची म्हणून मागणीचा कागद माझ्याकडे पाठवला. मी त्यावर ‘तपासून कळवतो’ असं लिहून ठेवून दिलं. किल्ली कुठे आहे ते सगळ्या प्लांटला माहीत होतं. दगडूनानाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, देवाच्या टाकाशेजारी.

अकरा महिने शेखभाई पायी फिरले. शिव्या देत फिरले, पण फिरले. आणि सकाळी आमच्याबरोबरही यायला लागले. पथ्याचं मात्र श्रेय त्यांच्या बेगमचं. तिनं घरातली साखरेची बरणीच शेजारणीकडे ठेवायला दिली होती.

मग एक दिवस ते डॉक्टरकडून आले ते थेट गेटवर. हातात रिपोर्ट. डॉक्टरांनी इन्सुलिन एकवेळचं केलं होतं, आणि असंच राहिलं तर तेही बंद करता येईल म्हणाले होते. शेखभाईंनी नानाचे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले.

“नाना, एक बात बोलू?”

“बोला.”

“वो चाबी... सापडली तरी मेरेकु देऊ नको.”

* * *

पाटणकर साहेबांना चालायची गोडी लागली, आणि एकदा त्यातून केवढा गोंधळ झाला बघा!

बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांचा मेळावा होता, भोकरदनच्या पुढे एका खेड्यात. साहेब आणि मी निघालो. गाव कोसभर राहिलं आणि टायर पंक्चर. डिकीतलं टायर काढलं तर तेही बसलेलं. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, तासभर लागंल.”

साहेब म्हणाले, “तासभर कशाला थांबायचं? चला साबळे, चालू.”

दोन्ही बाजूंना कपाशी, बोंडं फुटायला लागलेली. साहेब मधेच थांबायचे, एखादं बोंड हातात घेऊन पाहायचे. म्हणाले, “बावीस वर्षं कपाशीचं बी विकतोय. गाडीच्या काचेतून सगळं नुसतं हिरवंच दिसायचं हो.”

मागून एक शेतकरी मोटारसायकलवर आला. साहेबांना ओळखलं, गाडी थांबवली. “साहेब, पायी? बसा बसा.”

“नको, नको. मी चालतच येतो.”

त्याचा चेहरा पडला. तो पुढे गेला. थोड्या वेळानं दुसरा आला. त्यालाही साहेब तेच म्हणाले. तोही गंभीर होऊन गेला.

गावात पोचलो तर मंडपात सगळे चिडीचूप. हार तयार, पण कोणी घालेना. सरपंच पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, खरं काय ते सांगून टाका. कंपनी बुडाली का?”

साहेब चाट! “असं का म्हणता?”

“गाडी न्हाई. दोघं पायी येऊन राह्यले. आमच्या माणसानं बसा म्हटलं तर तोंड लपवून न्हाई म्हणले. आम्ही काय समजायचं?”

मी हसायला लागलो, पण तेवढ्यात मागून एक म्हातारे शेतकरी उठले. पागोटं सावरत म्हणाले, “साहेब, लाजू नका. आमच्या दुष्काळाच्या सालात तुम्ही पैशासाठी थांबला व्हता. आता तुमच्यावर आली असंल तर आम्ही बी थांबू. गाव बदलणार न्हाई.”

मी साहेबांकडे पाहिलं. मोठमोठ्या मीटिंगा गाजवणारा माणूस. त्यांनी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे पाय धरले. मग नाक पुसून म्हणाले, “बाबा, कंपनी ठणठणीत आहे. फक्त तिच्या जीएमला बीपी आहे.”

आता साहेब प्रत्येक गावाच्या अलीकडेच गाडी थांबवतात आणि पुढे पायी जातात. फक्त एक काळजी घ्यावी लागते. मी आधी सरपंचांना फोन करतो, “साहेब चालत येत हायेत. पण कंपनी बराबर हाय!”

* * *

नलिनी मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख. आलेल्या प्रत्येक लॉटचं नशीब त्यांच्या हातात. कचरा किती, ओलावा किती, उगवण किती, सगळं तपासणार आणि जरा कमीजास्त दिसलं की लाल शिक्का. बी निवडणाऱ्या बायका त्यांना टरकून असायच्या. दिवसभर बसून निवडलेलं बी मॅडम एका मिनिटात परत पाठवायच्या, “पुन्हा करा.”

मॅडम मूळच्या भोकरदनच्या, आणि शाळेत असताना कबड्डीच्या कॅप्टन होत्या, हे आम्हाला चालता चालता कळलं. वर्षभर चालल्यावर त्यांची पाठदुखी पळाली आणि अंगात जुनं वारं शिरलं. कंपनीच्या वार्षिक दिवसाला त्यांनी जाहीर केलं, “ऑफिसच्या बायका विरुद्ध बी निवडणाऱ्या बायका. कबड्डी!”

शेखभाई माझ्या कानात म्हणाले, “साब, ॲम्ब्युलन्स बोलाव क्या?”

मॅडम साडीचा पदर खोचून चढाईला गेल्या. वय त्रेपन्न. आवाज खणखणीत, “कबड्डी-कबड्डी-कबड्डी...” पहिल्या चढाईत दोघींना बाद करून आल्या! बी निवडणाऱ्या बायका अंग चोरून उभ्या. धरायचं कसं? उद्या हीच बाई लॉटवर शिक्का मारणार!

दुसऱ्या चढाईलाही तेच. तेव्हा मॅडम मध्यरेषेवर उभ्या राहून ओरडल्या, “अगं, धरा ना मला! मी काय काचेची आहे?”

मग तिसऱ्या चढाईला कडूबाई पुढे आली. बारा वर्षांपासून निवडणीला बसणारी, दणकट बाई. तिनं मॅडमचा पाय धरला तो असा की बैलानंही सोडवून घेतला नसता. बाद झालेल्यांसकट बाकीच्या सहाजणी वरून पडल्या. मॅडम खाली, वर नुसता लुगड्यांचा ढीग!

आम्ही धावलो. ढिगाऱ्यातून आधी कडूबाईचा आवाज आला.

“मॅडम, बारा वर्सं आमचे लॉट तुम्ही तपासले. आज तुमचा लॉट आमच्या हातात आला!”

खालून मॅडम विचारतात, “मग? पास की नापास?”

कडूबाईनं त्यांच्या घामानं भिजलेल्या दंडाला हात लावला.

“बी झ्याक हाय मॅडम. कचरा बिलकुल न्हाई. पण ओलावा लय हाय, पुन्हा वाळवा लागंल!”

मॅडम मातीत बसून इतक्या हसल्या की चष्म्यावर पाणी आलं. लॉट त्या आजही तितकेच परत पाठवतात. पण शनिवारी काम सुटल्यावर अर्धा तास मैदानात खेळ असतो, आणि तिथे शिक्का कडूबाईचा चालतो.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

माझी माय पिंपळगाव रेणुकाईला, देवीच्या गावी, धाकट्या भावाकडे राहते. मला अटॅक आला तेव्हा ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. तिचं वय झालेलं, ऐकून तिलाच काही झालं तर? भावालाही सांगितलं नाही. बायकोला बजावलं, ऑफिसच्या या चौघांना शपथ घातली. मायला कळवलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, संभाजीनगरला, दहा दिवस.

दवाखान्यातून मीच तिला फोन केला. आवाज खोल गेलेला.

“आवाज असा का येऊन राह्यला रे तुझा?”

“इथं हॉलमध्ये एसी हाय माय.”

“काय शिकवून राह्यले?”

समोर नर्स छाती फुगवून श्वास घ्यायला शिकवत होती. म्हणालो, “श्वास कसा घ्यायचा, ते.”

“या वयात?” माय म्हणाली. “बरं. शीक मंग नीट.”

विषय संपला. नंतर माझ्या डोक्यातूनही गेलं. एवढंच की माय पूर्वी रोज सकाळी फोन करून पीकपाणी सांगायची, त्याऐवजी ती विचारायला लागली, “आज चालून आलास का?” मला वाटलं, टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल.

मागच्या नवरात्रात नानानं काढलं, “लय दिवसांत रेणुकामायचं दर्शन न्हाई.” झालं! पाटणकर साहेब म्हणाले, गाडी फाट्यावर सोडायची आणि पुढे पायी. पहाटे निघालो. नाना, साहेब, शेखभाई, नलिनी मॅडम आणि मी. ऊन तापायच्या आत गावात पोचायचं होतं. वाटेत माझे पाय भरून आले. शेखभाई बाजूला झाले आणि मी पुढे झालो.

गावात शिरलो. आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून देवीच्या पायरीवर माय वाट बघत बसलेली. शेजारी भाकरीचं गाठोडं आणि ठेच्याचा डबा. ती सगळ्यांकडे बघत राहिली. नानाच्या पायांकडे बघून म्हणाली, “तुम्ही चालणारे दिसता बाप्पा.” नलिनी मॅडमला कुंकू लावलं. शेखभाईंनी सलाम केला तर त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग पाटणकर साहेबांसमोर उभी राहिली.

“तुम्हीच का याचे मोठे साहेब?”

“हो माय.”

“तुम्हीच याला ट्रेनिंगला धाडलं व्हतं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीकडे पाहिलं.

“हो...” साहेब म्हणाले. “जरा कडक होतं.”

“पास झाला ना पण?”

“झाला माय. चांगल्या मार्कांनी झाला.”

“तुम्हा सगळ्यांचं भलं होवो,” माय म्हणाली, आणि पदराला हात पुसले.

दर्शन झालं. आम्ही मंडपात भाकरी खायला बसलो. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती माझ्याशेजारी बसली. माझा उजवा हात मांडीवर घेतला, शर्टाची बाही वर सारली, मनगट उलटं केलं. तिथे आता काही दिसतही नाही, एक बारीक ठिपका आहे, तो मलाच माहीत. तिनं देवीपुढचं कुंकू बोटावर घेतलं आणि बरोबर त्या ठिपक्यावर टेकवलं.

“माय, हे काय?”

ती बोट तसंच दाबून धरून म्हणाली, “इथूनच दिलं ना रे ट्रेनिंग?”